नानांची गाडी गळते

सकाळी दंतवैद्य गाडीखाली आडवा पडला होता आणि दात तपासायच्या छोट्या गोल आरशाने गिअरबॉक्सची खालची बाजू न्याहाळत होता. सवयीने त्याच्या तोंडून "आणखी थोडं उघडा" असंही निघून गेलं. गाडीने काही उघडलं नाही. वरून एक लाल थेंब मात्र नेमका त्याच्या कपाळावर पडला.

"अहो, पेशंट येऊन बसलेत," बायको गॅरेजच्या दारातून म्हणाली. "आणि कपाळ पुसून जा. मागच्या वेळी त्या बाई तुम्हाला बघून तशाच परत गेल्या होत्या."

"गळतंय गं अजून."

"ते दिसतंय."

"पण कुठून?"

"मला विचारताय? कवळ्यांच्या डब्यांत नटबोल्ट भरून ठेवणारा माणूस घरात असताना?"

हे मात्र खरं होतं. घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, मागे राहतं घर आणि बाजूला गॅरेज, अशा त्या घरात दोन वर्षं गाडीचे भाग कवळ्यांच्या निळ्या डब्यांतून राहत होते. प्रत्येक डब्यावर दंतवैद्याच्या अक्षरात पत्ता असे: "वर, डावीकडून सहावा", "खाली, मागची दाढ". मेकॅनिकला हे वाचून काही कळलं नसतं. दंतवैद्याला झोपेतून उठवलं असतं तरी त्याने बरोबर बोल्ट काढून दिला असता.

गाडी नानांची, म्हणजे त्याच्या सासऱ्यांची. एके काळी नाना तिच्यातून मुलाबाळांना घेऊन गावोगाव हिंडले होते. ऑटोमॅटिक गिअरची गाडी तेव्हा गल्लीत दुसरी नव्हती, आणि शेजारी नानांना क्लच नाही म्हणून डावा पाय नुसता ठेवून गाडी चालवताना बघायला येत. मग गिअरबॉक्स गेला. गाडी ताडपत्रीखाली गेली. पुढे सासूबाईही गेल्या आणि नाना लेकीकडे "चार दिवस" राहायला आले. त्या चार दिवसांची बेरीज कोणी केली नाही, कारण नाना घरात कोणाला अडचण होत नव्हते. सकाळी झाडांना पाणी, दुपारी डुलकी, संध्याकाळी जावयाला "असं नाही, असं धरा" म्हणणं, एवढाच त्यांचा पसारा.

पण दुसऱ्या गावी त्यांचा मुलगा होता. त्याने नानांसाठी तळमजल्यावर खोली काढली, बाथरूममध्ये धरायला दांडी लावली, आणि दर फोनवर तो विचारू लागला, "नाना, कधी येताय?" मुलाला नाही म्हणणं नानांच्या जिवावर येई. म्हणून एकदा ते म्हणाले, "येईन की. पण येईन तर माझ्या गाडीतून. ती चालू झाली की त्याच दिवशी निघतो."

बोलणं हिशेबी होतं. गाडीच्या चाकांखाली तेव्हा गवत उगवलेलं होतं. नानांचा हिशेब चुकला तो एकाच माणसाबद्दल. ज्याचा सगळा जन्म हलतंय ते घट्ट करण्यात आणि मोडलंय ते भरण्यात गेला, असा जावई ते बोलणं शेजारी बसून ऐकत होता. त्याला ती सबब वाटलीच नाही. त्याला ती इच्छा वाटली. "एवढंच तर मागतायत बिचारे," तो रात्री बायकोला म्हणाला आणि पुढच्या रविवारी त्याने ताडपत्री काढली.

गाडी चालू झाली तेव्हा शेजारचे टाळ्या वाजवायला आले. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. नाना "वा!" म्हणाले आणि अंग टाकायला खोलीत गेले.

राहिली एवढी एकच खोड. गिअरबॉक्समधून लाल तेल गळत होतं. फार नाही, रोज कपभर. पण दंतवैद्य म्हणाला, "गळती थांबल्याशिवाय नानांना घेऊन मी एवढ्या लांब जाणार नाही." मेहुण्यालाही ते पटलं. तेव्हा घराचा कारभार आता असा झाला होता की ज्या दिवशी थेंब थांबेल त्या दिवशी नाना जातील. बायकोने नानांची बॅग एकदा भरली होती. मग थंडी वाजेल म्हणून स्वेटर बाहेर काढला. मग वाचायला लागेल म्हणून चष्मा. बॅग दिवसेंदिवस रिकामी होत चालली होती, पण ती उचलून माळ्यावर ठेवायचं धाडस तिला होत नव्हतं. नानांना लेकाकडे जायचंय, भावाने हौसेने खोली बांधलीय. मध्ये आपण कोण, असं तिला वाटे.

दंतवैद्य मात्र थेंबाच्या मागे लागला होता. रोज संध्याकाळी दवाखाना मिटला की तो गाडीत बसे. हँडब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून पाय ब्रेकवर घट्ट दाबून इंजिन चालू करायचं, ते तापू द्यायचं, गिअरचा दांडा एकदा पुढपासून मागपर्यंत सगळ्या खाचांतून फिरवायचा आणि मग इंजिन चालू असतानाच तेल किती आहे ते काडी काढून बघायचं, अशी त्या गिअरबॉक्सची रीत. ब्रेकवरचा पाय काढता येत नसल्यामुळे काडी बघायचं काम नानांचं.

"नाना, कुठंय?" तो आतून ओरडे.

उघडलेल्या बॉनेटमागून आवाज येई, "रेघेवर."

"नीट बघा हं."

"डॉक्टर, तुम्ही दुधाच्या दातांत होतात तेव्हापासून ही काडी बघतोय मी. रेघेवर म्हणजे रेघेवर."

आणि सकाळी गाडीखालच्या ताटलीत पुन्हा कपभर तेल. दंतवैद्याची झोप उडाली ती या कोड्याने. हिरड्यांतून रक्त येत असेल तर माणूस कधी ना कधी पांढरा पडतो. ही गाडी रोज गळत होती आणि तिच्यातला एक थेंबही कमी होत नव्हता.

सुदैवाने त्याच सुमारास त्याच्या खुर्चीत गिअरमास्तर येऊन पडले. मोठ्या गॅरेजचे मालक, गिअरबॉक्स छातीवर घेऊन बसवणारे, आणि इंजेक्शनची सुई दिसली की घाम फुटणारे. त्यांच्या खालच्या दाढेचं मूळ साफ करायचं होतं.

दंतवैद्याने सुई उचलली की गिअरमास्तर विचारीत, "गाडी काय म्हणते, डॉक्टर?"

मग सुई खाली येई. "अहो, गळतंय अजून."

"खालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं?"

"बदललं."

"बोल्ट आवळले किती?"

"चांगले करकचून."

"तिथंच चुकलं!" मास्तर खुर्चीत उठून बसत. "पॅकिंग चेंगरलं असणार. नवीन घाला. बोल्ट नुसते टेकवा, मग एक इकडचा, एक समोरचा, असे थोडे थोडे आवळत या. आधी ते करा. दाढेचं काय, बघू पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी त्यांनी गिअरच्या दांड्याचा ऑइल सील बदलायला सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांचे सांधे. प्रत्येक खेपेला सल्ला अगदी खरा असे आणि प्रत्येक खेपेला सुई तशीच ट्रेमध्ये परत जाई. दोघेही समाधानाने एकमेकांचा निरोप घेत.

एकदा मास्तरांनी सांगितलं, "सगळं खालून स्वच्छ धुवा, सुकवा आणि पावडर मारा. जिथून गळेल तिथं पावडर ओली होईल. चोर पकडला!"

दंतवैद्याने बायकोच्या टेबलावरचा पावडरचा डबा उचलला आणि गाडीखाली रिकामा केला. दुसऱ्या दिवशी गॅरेजला तान्ह्या बाळाच्या खोलीसारखा वास येत होता, नाना शिंकून बेजार झाले होते आणि पावडर वरपासून खालपर्यंत सगळीकडे सारखीच ओली होती.

"चोर पकडला का?" बायकोने रिकामा डबा हातात घेऊन विचारलं.

"सगळं घरच चोर निघालं," दंतवैद्य म्हणाला. हे वाक्य किती बरोबर आहे याचा त्याला तेव्हा पत्ता नव्हता.

"वरून ओघळतंय म्हणजे..." गिअरमास्तर छताकडे बघत म्हणाले. या वेळी दंतवैद्याने सुई उचलून धरलीच होती, म्हणून ते भराभर बोलत होते. "तेल जास्त तर होत नाही ना? जास्त झालं की आतली चाकं-पट्टे ते घुसळतात, फेस येतो आणि वर श्वास घ्यायची नळी असते ना, तिच्यातून गाडी ओकते."

"छे. रोज बघतो आम्ही. रेघेवर असतं."

"काडी कोण बघतं?"

"सासरे."

"मग प्रश्नच मिटला. जुनी माणसं काडीच्या बाबतीत लबाडी करत नाहीत." मास्तरांनी डोळे मिटले. मग एक उघडला. "तेलात टाकायचा रंग मिळतो, डॉक्टर. साध्या उजेडात दिसत नाही. निळा उजेड मारला की हिरवंपिवळं चमकतं. निळा दिवा लागेल आणि नारिंगी चष्मा. तो कुठं मिळणार म्हणा."

दंतवैद्याने सुई ठेवली. दातात भरलेलं सिमेंट घट्ट करायला तो रोज निळाच दिवा वापरत होता, आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून नारिंगी चष्मे कपाटात पडून होते. आनंदाच्या भरात त्याने गिअरमास्तरांना तोंड मिटायला सांगितलं. ते फाटकापर्यंत पोचलेसुद्धा.

त्या रात्री जेवताना मेहुण्याचा फोन आला. बायकोने तो टेबलावरच मोठ्या आवाजात लावला.

"भाऊजी, अजून गळतेय?"

"सापडतंय आता. एक नवा उपाय आलाय."

"राहू दे हो. किती दिवस त्या गाडीपायी थांबायचं? मीच येतो रविवारी. नानांना माझ्या गाडीतून घेऊन जातो."

नानांचा सुपाचा चमचा हवेत थांबला. "मी माझ्या गाडीतून येणार म्हटलं होतं ना?"

"नाना, गाडी काय पळून चाललीय का? आणि पळाली तर चांगलंच की, दुरुस्त झाली म्हणायची!" मेहुणा स्वतःच्याच विनोदावर हसला. "तुमची खोली वाट बघतेय. रंगसुद्धा दिलाय."

"बरं," नाना म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

बायको मीठ आणायला उठली. मीठ टेबलावरच होतं.

दंतवैद्याने फोन बंद होताच नानांच्या हातावर हात ठेवला. "नाना, तुम्ही बिलकूल काळजी करू नका. रविवारच्या आत मी गळती शोधून काढतो. तुम्ही तुमच्याच गाडीतून जाल, शब्द आहे माझा!"

दाढ उपटायचं ठरल्यावर पेशंट ज्या नजरेने त्याच्याकडे बघतात, त्या नजरेने नानांनी त्याच्याकडे बघितलं. पण ती नजर रोजची असल्यामुळे दंतवैद्याला तिचं काही वाटलं नाही.

तेलाचा रंग त्याने कोणाला न सांगता गाडीत आणि कोपऱ्यातल्या तेलाच्या बाटलीतही टाकला. रविवारी सकाळी त्याने बायकोला आणि नानांना गॅरेजमध्ये बोलावलं, शटर खाली ओढलं, फटींना फडकी लावली आणि तिघांनी नारिंगी चष्मे घातले. बायको म्हणाली, "कोणी बघितलं तर काय म्हणेल?" नानांनी चष्मा दोनदा काढून घातला. मुलगा जेवायच्या वेळेपर्यंत येणार होता. त्यांची बॅग दाराशी ठेवलेली होती.

निळा दिवा लागला. दंतवैद्य उकिडवा बसून खाली डोकावला आणि ओरडला, "हे बघा! हे बघा!"

गिअरबॉक्सच्या माथ्यावरच्या नळीपासून एक हिरवीपिवळी चमकती धार निघाली होती. ती बाजूने उतरत, पॅकिंगवरून, सीलवरून वळसे घेत खाली टोकाला थेंब होऊन लोंबत होती.

"वरून! श्वासाच्या नळीतून ओकतेय! म्हणजे पॅकिंग ठीक, सील ठीक, नळ्या ठीक, माझं सगळं काम ठीक! म्हणजे तेल जास्त..." तो थांबला. "पण तेल तर रेघेवर आहे. नाना, तुम्ही काल..."

बोलता बोलता तो दिव्यासकट नानांकडे वळला.

नाना रात्री लांबून दिसणाऱ्या गावासारखे उजळले होते. स्वेटरच्या दोन्ही बाह्यांवर दिवे लागले होते. छातीवर शिंतोड्यांची आळी होती. विचार करताना नाना कान खाजवतात, तो कानही चमकत होता.

नानांनी नारिंगी चष्म्यातून आपल्या बाहीकडे पाहिलं, मग हात हळूच पाठीमागे नेले. कान तिथेच राहिला.

"अगंबाई," बायको पुटपुटली. तिने तोंडावर हात ठेवला होता, आणि त्या हाताची बोटं चमकत होती.

"तूसुद्धा?" दंतवैद्य म्हणाला.

"मी नवीन काही टाकलं नाही! ताटलीतलं फक्त परत ओतत होते. तुम्ही दवाखान्यात गेलात की. गाळून."

"कशाने गाळून?"

"चहाच्या जुन्या गाळणीने."

"आपल्याकडे जुनी गाळणी आहे?"

"आता तीच जुनी म्हणायची."

दंतवैद्याने नकळत ओठ पुसले. "पण का ओतायचं?"

"का म्हणजे? तुम्हीच म्हणता गळतं. रस्त्यात कमी पडलं आणि नानांना घेऊन कुठंतरी अडकलात म्हणजे? मला इथं कळणार आहे का? नाना उन्हात बसतील कुठंतरी..." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुमचा चेहरा बघवत नव्हता. निदान कमी तरी होत नाही, एवढं समाधान असू दे म्हटलं."

दिवा पुन्हा नानांवर गेला.

"माझ्यावर काय धरून ठेवलाय तो," नाना म्हणाले. "मी थोडंसंच टाकत होतो. त्या कोपऱ्यातल्या बाटलीतलं."

"कधी?"

"दुपारी. दवाखान्यातून कोणीतरी ओरडलं की. म्हटलं आता तुमचे हात अडकलेत, तुम्ही काही उठून येत नाही."

"आणि संध्याकाळी मला सांगत होतात रेघेवर!"

"रेघ कुठं गेली नव्हती," नाना म्हणाले. "तेलाच्या खाली होती."

दंतवैद्याने दिवा बंद केला. अंधारात बोलणं जरा सोपं जाईल असं त्याला वाटलं असावं. "पण का, नाना? तुम्हालाच तर जायचं होतं."

नानांनी अंधारातच हात स्वेटरला पुसले.

"मुलगा चांगला आहे हो माझा," ते म्हणाले. "खोलीही चांगली आहे. बाथरूमला दांडी लावलीय, मजबूत आहे म्हणतो. पण त्याच्या घरात मोडकं काहीच नाही, डॉक्टर. सगळं नवीन. बिघडलं की माणूस येतो, बदलून जातो. मी दिवसभर करू काय? इथं तुम्ही निदान नट हरवता. मी शोधून देतो."

"मग तोंडाने सांगायचं ना, नाना!" बायको म्हणाली. ती रडत होती आणि रागावलेलीही होती. "राहायचंय म्हणायचं!"

"तू कुठं म्हणालीस, राहा म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात, गाडी चालू झाली की निघतो!"

"ती चालू होणार नव्हती!"

यानंतर दोघेही अंधारात ज्या बाजूला वळले, त्या बाजूला दंतवैद्य उभा होता.

"मला कोणीतरी सांगायला काय झालं होतं?" तो दुखावून म्हणाला.

"तुम्ही इतके खूश होता," बायको म्हणाली.

"हो ना," नाना म्हणाले. "कसं सांगणार? डब्यांवर नावंबिवं घातलेली."

तेवढ्यात शटरवर थापा पडल्या. "ताई! नाना! आत आहात का?"

शटर वर गेलं आणि उन्हात मेहुणा उभा. त्याच्या गाडीचं पुढचं सीट बाहेरूनही दिसत होतं. त्यावर मऊ उशी होती, खाली पाय ठेवायला छोटं स्टूल, बाजूला पाण्याची बाटली. कपाळावर नारिंगी चष्मे चढवलेली, लाल डोळ्यांची ती तीन माणसं बघून तो गोंधळला, पण मग त्याची नजर मागे गेली.

"गाडी!" तो म्हणाला. फोनवर बोलणारा माणूस नाहीसा झाला. "अहो भाऊजी, काय केलंत हो हे! अगदी तशीच!" तो पुढे झाला, दारावरून हात फिरवला, बॉनेटशी गेला. "काडी माझ्याकडे असायची, नाना, आठवतं? प्रत्येक ठिकाणी थांबलो की तुम्ही म्हणायचात, जा बघ रे."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने काडी उपसली.

"अरे! भाऊजी, हे बघा. रेघेच्या केवढं वर! इंजिन बंद असलं की थोडं वर दिसतं, कबूल, पण हे तर मुठीपर्यंत आलंय. इतकं भरल्यावर गळणार नाही तर काय! हे जास्तीचं काढलं की झालं. दहा मिनिटांचं काम आहे. मग नाना, घ्या, तुमच्याच गाडीतून चला!"

गॅरेजमध्ये तेलाचा थेंब पडल्याचा आवाज आला.

दंतवैद्याने काडी हातात घेतली. धंद्यात त्याचा एक नेम होता. दुखणार नाही, असं त्याने पेशंटला कधी सांगितलं नव्हतं. दुखेल, पण थोडं, असं तो सांगे, आणि तेवढंच दुखे. तेल काडीवरून ओघळून त्याच्या मनगटापर्यंत आलं होतं. त्याने काडी उजेडात धरली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली.

"मला तर रेघेवर दिसतंय," तो म्हणाला.

"काय?"

"बघू," बायको पुढे आली. तिने पदवी परीक्षेचा निकाल बघावा तशी काडी बघितली. "हो. रेघेवरच आहे."

"ताई, अगं तेल तुझ्या हातावर सांडतंय!"

"ते वेगळं."

मेहुण्याने वडिलांकडे पाहिलं. "नाना, तुम्ही तरी बघा!"

"मी नाही बघणार," नाना चष्मा पुसत म्हणाले. "माझं म्हणणं आता कोणी धरू नये."

मेहुणा काडी घेऊन उभा राहिला. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने मान वळवली. मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. ती उघडी होती आणि तिच्यात एक टॉवेल सोडून काही नव्हतं. मग पुन्हा वडिलांकडे. नाना काच पुसतच होते. एवढ्या वेळात तिच्यातून पलीकडचा देश दिसला असता.

खोली त्याने रिकामी राहावी म्हणून काढली नव्हती. त्याच्या घरातली मुलं शिकायला बाहेर गेली होती आणि संध्याकाळी तिथे कोणी कोणाला हाक मारत नसे. पण हे काही तो बोलला नाही. त्याने खिशातला रुमाल काढला, पांढरा, इस्त्रीचा, आणि काडी वरपासून खालपर्यंत पुसली. पुन्हा आत घातली. बाहेर काढली. डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितली.

"हो की," तो घसा साफ करत म्हणाला. "रेघेवरच आहे. मला उन्हामुळे दिसलं नाही."

बायकोने भावाचा दंड धरला आणि त्याच्या शर्टावर पाच बोटं उमटवली.

"मग गळतंय कुठून?" मेहुण्याने विचारलं.

"तेच तर सापडत नाही," दंतवैद्य म्हणाला. पहिलं खोटं कठीण गेलं होतं, दुसरं आपोआप आलं. "वेळ लागेल."

"किती?"

"सांगता येत नाही. काही केसेस वर्षानुवर्षं चालतात."

"आणि खोलीचं काय रे?" नानांनी हळूच विचारलं. "रंग दिलास म्हणे."

"खोलीला काय होतंय, नाना? ती कुठं गळतेय?" मेहुणा बाह्या सरसावत होता. "राहील तशी. गाडी झाली की चार दिवस या, आणि याच गाडीतून परत या. तोपर्यंत मीच येत जातो रविवारचा. तुमच्या दोघांच्याने हे काही होईलसं दिसत नाही. भाऊजी, एखादा जुना शर्ट आहे का?"

दंतवैद्याच्या ढगळ शर्टात मेहुणा गाडीखाली सरकला. थोड्याच वेळात खालून प्रश्न येऊ लागले: हा बोल्ट कुठला, ती नळी कुठं जाते, आणि या डब्यावर "वर, उजवीकडून चौथा" असं कोणी लिहिलंय. नाना गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि ओरडून उत्तरं देऊ लागले. बायको जेवणाचं बघायला आत गेली. जाताना तिने दाराशी असलेली बॅग उचलली.

मेहुण्याचे पाय तेवढे बाहेर दिसत आहेत याची खात्री करून नाना जावयाच्या जवळ सरकले.

"डॉक्टर," ते दबक्या आवाजात म्हणाले, "ती कोपऱ्यातली बाटली संपत आलीय."

दंतवैद्याने मेहुण्याच्या पायांकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या दाराकडे.

"इंजेक्शनच्या कपाटात, खालच्या कप्प्यात दोन आणून ठेवल्यात," तो तितक्याच हळू म्हणाला. "पण नाना, बेताने टाका. त्याला गळती लगेच सापडेल असं नको."